निकोप दळण

पुंडलिकनगरातल्या श्रमसाफल्य कॉलनीत पिठाची गिरणी एकच होती आणि ती कारभारीची होती. देवळं तीन होती, दवाखाने दोन होते, शिकवणी घेणारे तर गल्लोगल्ली होते. गिरणी मात्र एकच. त्यामुळं कॉलनीतले लोक देवाशी जरा मोकळं बोलत आणि कारभारीशी जपून.

कारभारी गव्हामागं हरभरा दळी आणि हरभऱ्यामागं ज्वारी. भाकरीला बेसनाचा वास येतो म्हणून कुणी कुरकुर केली, तर "वासाचे पैसे लावले का तुम्हाला?" असं विचारी. गिरणीच्या झिजलेल्या दगडांना छिन्नीनं टाकी लावायचा त्याला कंटाळा होता, त्यामुळं पीठ रव्याच्या जवळपास जाई. कंटाळा फारच वाढला की तो "पट्टा तुटला" असं जाहीर करी आणि धडधाकट पट्ट्याशेजारी गोणपाट अंथरून आडवा होई. पट्टा कधी जोडला जाईल, हे विचारायची पद्धत नव्हती.

या परिस्थितीचं सर्वांत जास्त दुःख प्राध्यापक तात्यासाहेबांना होई. बाकीच्यांना नुसती जाड भाकरी खावी लागे. तात्यासाहेबांना ती का जाड झाली याचं शास्त्रही ठाऊक होतं. नोकरीभर त्यांनी कॉलेजात नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेचे फायदे शिकवले होते. ते निवृत्त झाले आणि त्याच सुमारास देशानं नवं आर्थिक धोरण स्वीकारलं. सरकारला खुल्या बाजाराकडं वळायला चार दशकं लागली. तात्यासाहेबांना एक उन्हाळा पुरला. तेव्हापासून 'मुक्त बाजारपेठ : व्यावहारिक गरज आणि नैतिक अधिष्ठान' हे व्याख्यान ते ज्येष्ठ नागरिक मंडळात, गणेशोत्सवात आणि एकदा एका बारशातही देऊन आले होते. त्यांचे वडील निजामाच्या राज्यात वैजापूरकडच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर कारकून होते. "वडिलांनी हयातभर लोकांच्या बैलगाड्या अडवल्या," तात्यासाहेब भरल्या आवाजात सांगत, "पोलिस ॲक्शननंतर ते नाके उठले, पण आपल्या मनातले उठले नाहीत!" इथं टाळ्या पडत.

कारभारीची गिरणी तात्यासाहेबांच्याच घरापुढच्या गाळ्यात होती आणि तिचं भाडं त्यांनाच मिळे. विषयाचा आवाका मोठा असल्यामुळं ही बाब व्याख्यानात यायची राहून जाई.

"कारभारी, तुमची ही मक्तेदारी आहे," एकदा डबा हातात धरून तात्यासाहेब म्हणाले. "ग्राहकाला निवडीचं स्वातंत्र्य पाहिजे."

"पटतंय ना सर," कारभारी म्हणाला. "निवडा की. आज दळू का उद्या?"

अशात सारजाबाई आली. तिच्या घरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारे. कॉलनी व्हायच्या आधी याच रानात त्यांची मेंढरं बसत. पाऊलवाटांवर बंगले उठले, चराई आटली, तसं सारजाबाईनं नवऱ्याला, मुंजाबाला, पटवून अर्धा कळप विकला आणि कॉलनीच्या टोकाला पत्र्याचं शेड भाड्यानं घेऊन गिरणी टाकली. मुंजाबा राहिलेली मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायला गेला. जाताना एवढंच म्हणाला, "मेंढरू बोलत नाय. गिऱ्हाईक लई बोलतंय. बघ बरं."

उद्घाटनाचा नारळ अर्थातच तात्यासाहेबांच्या हस्ते फुटला. नफा हे पाप नसून तो सेवेला मिळालेला कौल आहे, इथपासून त्यांनी सुरुवात केली. दोन माणसं कुणाच्याही जबरदस्तीशिवाय देवाणघेवाण करतात तेव्हा दोघांचंही भलं होतं, यापेक्षा मोठी नीती जगात नाही, असं ते म्हणाले. ते खरंच होतं, आणि त्यांना ते मनापासून वाटतही होतं.

सारजाबाई पदर खोचून उभी होती. "लई चांगलं बोलले सर," ती म्हणाली. "आता दळू का?"

तिचं पीठ रेशमासारखं निघालं. गव्हानंतर ज्वारी टाकायच्या आधी ती आपल्या पदरची मूठभर ज्वारी टाकून दगड साफ करून घेई. पोरं दळण घेऊन आली तरी त्यांना मागं ठेवत नसे. कॉलनीत पुन्हा भाकऱ्या फुगू लागल्या. तात्यासाहेबांच्या पत्नी आशाबाई तर म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्या व्याख्यानाचा उपयोग झाला."

आणि मग जे घडलं ते पाहून तात्यासाहेबांच्या अंगावर काटा आला. कारभारी सुधारला! त्यानं दगडांना टाकी लावली. भिंतीला चुना दिला. बायकांना बसायला बाक आणला, वर पंखा लावला. दर उतरवला. "या काकू, दमला असाल" हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकून एक काकू घाबरून घरी परत गेल्या. पुढं तो सायकलवरून घरपोच पीठ द्यायला लागला. कुणी ठराव केला नव्हता, कुणी उपोषण केलं नव्हतं. नुसती शेजारी एक गिरणी निघाली होती. तात्यासाहेब ज्येष्ठ नागरिक मंडळात म्हणाले, "हे पाहायला मी जिवंत राहिलो!"

त्याच आठवड्यात कारभारी त्यांच्या ओट्यावर येऊन बसला.

"सर, भाडं कमी करा."

"का बुवा?"

"दर उतरवला, पंखा लावला. माझं सुटत नाय काही."

"स्पर्धेत टिकायचं तर कार्यक्षमता वाढवावी लागते, कारभारी."

"वाढवली की मी. आता तुम्ही वाढवा." कारभारी नम्रपणे म्हणाला. "त्या वळणावरचा गाळा रिकामाच हाय. मालक निम्म्या भाड्यात द्यायला राजी हाय. बाजार खुला हाय ना सर?"

त्या दुपारी तात्यासाहेबांना झोप लागली नाही. चहाच्या वेळेपर्यंत मात्र त्यांना आठवलं, की स्पर्धा दोन प्रकारची असते : एक निकोप आणि दुसरी गळेकापू. जी कारभारीच्या दारापर्यंत आली होती ती निकोप. जी आता त्यांच्या ओट्यापर्यंत आली होती ती गळेकापू.

लगोलग 'निकोप स्पर्धा संवर्धन समिती' स्थापन झाली. अध्यक्ष तात्यासाहेब. चिटणीस बद्रीनाथ. ते एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीपासून त्यांना ठराव मांडायला जागा मिळाली नव्हती. सदस्य म्हणून मेडिकल दुकानाचे मालक काकासाहेब आले. सारजाबाईचं शेड त्यांच्याच मालकीचं होतं. समितीला त्यांनी सर्वांत मोठ्या आवाजात पाठिंबा दिला, कारण कोपऱ्यावर दुसरं मेडिकल निघणार अशी कुणकुण त्यांना लागली होती आणि औषधांची स्पर्धाही निकोप असावी असं त्यांना कळकळीनं वाटे.

पहिला निर्णय दराचा झाला. दोन्ही गिरण्यांचा दर सारखा, आणि तो कारभारीच्या जुन्या दराइतका. दर पाडणं म्हणजे ग्राहकाला लालूच दाखवणं, आणि लालूच दाखवणं अनैतिक.

"पण मला परवडतंय की सर, कमी दरात," सारजाबाई म्हणाली.

"तुम्हाला परवडतं म्हणूनच तर अन्याय होतो, बाई."

"नारळ फोडायला तुम्हीच आलते ना?"

"तो स्पर्धेचा आरंभ होता," तात्यासाहेब समजुतीनं म्हणाले. "हा तिचा विकास आहे."

दर सारखा झाला तरी लोक सारजाबाईकडंच जात. म्हणून वेळा वाटून दिल्या : सकाळ कारभारीची, दुपार सारजाबाईची. दुपारी भारनियमन असे, ही गोष्ट समितीच्या अखत्यारीत येत नव्हती. तरीही बायका वीज यायची वाट बघत सारजाबाईच्या दारात बसून राहू लागल्या. वाट पाहण्यातून पक्षपात दिसून येतो, असं बद्रीनाथांनी निदर्शनास आणलं. तेव्हा समितीनं मुळावरच उपाय केला. सम घरक्रमांकाच्या कुटुंबांनी कारभारीकडं दळावं, विषम क्रमांकाच्या सारजाबाईकडं. ग्राहकाचं निवडीचं स्वातंत्र्य अबाधित राहावं, म्हणून कोणतं धान्य दळायचं हे ज्यानं त्यानं ठरवायचं होतं.

गिऱ्हाईक कुठं पळत नाही याची खात्री पटताच कारभारीनं पंखा घरी नेला. मग बाक नेला. पाठोपाठ पट्टाही तुटला.

कॉलनीत चोरटी वाहतूक सुरू झाली ती इथून. सम घरांतली ज्वारी विषम घरांतून जाऊन पीठ होऊन परतू लागली. दप्तरातून गहू जात. एका सद्‌गृहस्थांनी हार्मोनियमच्या पेटीतून बाजरी नेली आणि कुणी गाणं म्हणायचा आग्रह धरल्यामुळं ते सापडले. शेवटी समितीला चौकात टेबल-खुर्ची मांडून तपासणी ठेवावी लागली. तिला नाका म्हणू नये, मार्गदर्शन केंद्र म्हणावं, अशी सूचना तात्यासाहेबांनी केली. वडिलांच्या आठवणीनं त्यांना जरा अवघड वाटत होतं.

बद्रीनाथ डोळे तपासायला गेले होते त्या दिवशी शिट्टी तात्यासाहेबांच्या गळ्यात होती. समोरून आशाबाई आल्या. हातात मोठं ताट, त्यावर भरजरी रुमाल.

"थांबा. ताटात काय आहे?"

"ओटीचं सामान."

"एवढं?"

"सवाष्ण अंगानं भरलेली आहे."

"कोण सवाष्ण?"

"सारजाबाई," आशाबाई म्हणाल्या. त्यांनी रुमाल उचलला. खाली ज्वारी होती, चांगली दोन वेळच्या भाकऱ्यांची. "करा जप्त. मग आज कारभारीच्या पिठाची भाकरी करते. मला काय, माझे दात शाबूत आहेत. कवळी तुमची आहे."

तात्यासाहेबांनी शिट्टी तोंडात धरली. मग त्यांनी ती काढून खिशात ठेवली आणि बराच वेळ लिंबाच्या झाडाकडं पाहिलं. समितीच्या पुढच्या बैठकीत अध्यक्षांच्या कुटुंबाला पिठाच्या तुलनात्मक अभ्यासासाठी सूट देण्यात आली. चिटणिसांनाही अभ्यासाची गोडी होती. काकासाहेबांच्या घरी तर रोजच अभ्यास चाले. नियम पाळायला उरली ती बाकीची माणसं, आणि नियम बाकीच्यांसाठीच असतात हे त्यांनाही मान्य होतं.

एवढं करूनही तक्रारी थांबेनात. सम घरांच्या भाकऱ्या तुटत, विषम घरांच्या फुगत, आणि भिंतीला भिंत लागून असल्यामुळं फुगलेल्या भाकरीचा वास पलीकडं जाई. या विषमतेवर उपाय म्हणून समितीनं दर्जाचं समानीकरण हाती घेतलं. कारभारीला सुधारायला सांगणं म्हणजे त्याच्या व्यवसाय-स्वातंत्र्यावर घाला ठरला असता. म्हणून सारजाबाईला पीठ थोडं जाड काढायची विनंती झाली, आणि तिचाही पट्टा अधूनमधून तुटावा असं ठरलं.

"माझा पट्टा नवा हाय, सर. तो कामून तुटंल?"

"तुटायलाच हवा असं नाही. तुटला म्हणायचं."

तिला प्रशिक्षण द्यायला कारभारीला पाठवलं. "हे बघा मावशी," तो आपुलकीनं म्हणाला, "पट्टा तुटला म्हणताना गिऱ्हाईकाच्या तोंडाकडं बघायचं नाय. वर पत्र्याकडं बघायचं. आवाज थकल्यासारखा काढायचा. जमतंय हळूहळू."

सारजाबाईनं मनापासून प्रयत्न केला. पत्र्याकडं बघितलं, आवाज थकवला. पण समोर एक म्हातारी डोक्यावर डबा घेऊन उभी होती. सारजाबाईला हसू आलं, म्हातारीलाही आलं, आणि दळण झालं. समितीनं याची गंभीर दखल घेतली. काकासाहेबांनी महिना संपायच्या आत शेड रिकामं करायला सांगितलं.

निघायच्या दिवशी मुंजाबा मेंढरं घेऊन आला. तात्यासाहेब गॅलरीत उभे राहून बघत होते.

"सोड आता," मुंजाबा म्हणाला. "चल मेंढरामागं. काय कमी पडायलंय?"

सारजाबाई गिरणीच्या थंड पडलेल्या दगडावर हात ठेवून उभी होती. "अर्धी मेंढरं हिच्यातच हायेत माझी," ती म्हणाली. "तुमी तुमची राखा. म्या माझी राखते." मग तिनं डोळे पुसले आणि टेम्पोवाल्याला हाक मारली.

तात्यासाहेबांच्या छातीत बारीकशी कळ आली. अर्थशास्त्रात तिला संक्रमणकाळातल्या वेदना म्हणतात हे लक्षात आल्यावर ती थांबली. कारभारीकडून भाडं पूर्वीइतकंच येत होतं.

सारजाबाईनं गिरणी चिकलठाण्यात, कारखान्यांच्या मागच्या कामगार वस्तीत टाकली. तिथं समिती नव्हती. पाळ्या सुटत तशी गर्दी लोटे. थोड्याच काळात तिनं शेजारची जागा घेतली, मसाला कांडायचं यंत्र बसवलं, दोन बायका कामाला ठेवल्या. मुंजाबा मेंढरं न विकता भावाच्या स्वाधीन करून हिशेबाला येऊन बसला, आणि गिऱ्हाईकाशी एवढं बोलू लागला की त्याला गप्प करावं लागे.

इकडं कॉलनीत सकाळी फिरायला जाण्याची टूम निघाली. डॉक्टरांनी सांगितलंय, असं प्रत्येक जण सांगे, आणि फिरायला स्कूटरवरून जाई. तात्यासाहेबही गेले. पायांमध्ये डबा उभा करून ते जालना रोडनं चिकलठाण्याला पोचले, तर रांगेत अख्खी श्रमसाफल्य कॉलनी उभी. बद्रीनाथ होते. काकासाहेब होते. सर्वांत पुढं, मफलरमध्ये तोंड लपवून, कारभारी होता.

"तुम्ही?"

"काय करू सर," कारभारी खाली बघत म्हणाला. "बायको ऐकत नाय. म्हणती, नवरा चालंल, पीठ नाय चालणार."

रांग हळूहळू सरकत होती. कुणी कुणाला ठरावाची आठवण करून दिली नाही. सभ्य माणसं होती. नंबर येता येता सारजाबाईचं लक्ष तात्यासाहेबांकडं गेलं. तिनं मोटार बंद केली आणि हात झटकत बाहेर आली. आता ही चारचौघांत काय बोलेल, या धास्तीनं तात्यासाहेबांनी डबा छातीशी धरला.

"सर, बरं झालं आले. तुमचीच वाट बघायले मी."

"माझी?"

"ते बघा." तिनं रस्त्यापलीकडं बोट दाखवलं. नव्या कोऱ्या पत्र्याचं शेड उभं होतं आणि एक तरणाबांड गडी दाराला आंब्याची पानं बांधत होता. "माझा भाचा, सोनाजी. हितंच शिकला माझ्या हाताखाली. उद्या गिरणी चालू करायलाय. म्हणतोय, मावशीपेक्षा कमी दरात देतो अन् पीठ घरी पोचवतो."

"मग?"

"मग काय? लई वंगाळ काळ आला सर," सारजाबाई कळवळून म्हणाली. "तुमची ती निकोप समिती हाय ना, ती हितं काढा. दर बांधून द्या, वेळा वाटून द्या. तवा मला नीट उमगलं नव्हतं. आता समदं पटतंय."

तात्यासाहेबांनी पलीकडं पाहिलं. कमी दर. घरपोच पीठ. त्यांच्या हातात डबा होता, आणि डबा हातात असला की मुक्त बाजारपेठेचं नैतिक अधिष्ठान त्यांना नेहमीच लख्ख दिसे. "बाई," ते गहिवरून म्हणाले, "ग्राहकाचं स्वातंत्र्य हे..."

"समितीवाल्यांचं दळण रांगेशिवाय," सारजाबाई म्हणाली. "अन् पुंडलिकनगरच्या समद्यांचं, वस्तीतल्या बायांच्या आधी."

तात्यासाहेबांनी डबा रांगेतून काढून पुढं सरकवला. मागं बद्रीनाथांनी घसा साफ केला. काकासाहेब म्हणाले, की निकोपपणाला कॉलनीची हद्द असू नये. रांगेच्या शेपटाला कामावर जायच्या घाईत असलेल्या बाया आपापले डबे घेऊन उभ्या होत्या. पुढं काय चाललंय ते त्यांना ऐकू येत नव्हतं.

"ठरावाच्या बाजूनं कोण?" बद्रीनाथांनी विचारलं.

पुंडलिकनगरचे झाडून सगळे हात वर गेले. कारभारीनं तर दोन्ही केले. सोनाजी पलीकडून हा प्रकार बघत होता. एवढी माणसं आपल्याकडं बघून हात वर करताहेत म्हटल्यावर, शुभेच्छा देत असतील असं वाटून त्यानंही हसून हात वर केला. तोही मोजण्यात आला.

मीही त्याच कॉलनीतला, पण त्या हातांमध्ये माझा हात नव्हता, हे मान्य केलं पाहिजे. त्या दिवशी माझं दळण नव्हतं.